वीरांगनेचे चिलखत

पराक्रमाच्या अद्भुत कथा कोणाला आवडत नाहीत? त्यांतील राक्षस, आग ओकणारे सर्प, मंतरलेल्या तलवारी यांत मन रमून जाते. परंतु अशा पुस्तकांतील चित्रे जरा निरखून पाहा. वीर पुरुष बहुधा नखशिखांत पोलादाने मढलेला असतो. त्याच्याच शेजारी लढणाऱ्या वीरांगनेचे मात्र पुष्कळदा पोट उघडे, दंड उघडे, आणि मस्तकावर शिरस्त्राणाऐवजी नुसता मोकळा केशसंभार! शत्रूचा बाण तिला लागणारच नाही, असे चित्रकाराला वाटते काय?

चिलखत हा अलंकार नव्हे. ते जीवरक्षणाचे साधन आहे. १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाच्या भेटीला जाताना शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत चढविले होते. ते कोणाच्या दृष्टीस पडावे म्हणून नव्हते. परंतु खानाचा वार त्यानेच अडविला.

युरोपातील योद्ध्यांच्या पोलादी चिलखताचे वजन सुमारे २० किलोग्रॅम असे. तो भार साऱ्या अंगावर वाटला जाई, म्हणून ते घालून धावता येई, घोड्यावर चढता येई. छातीवरील पत्रा मध्यभागी फुगीर ठेवीत. हेतू हा, की भाल्याचे टोक बाजूला निसटावे. भाला स्त्री-पुरुष असा भेद करीत नाही. मग चिलखताने तरी का करावा? १४२९ साली फ्रान्समधील तूर या गावी जोन ऑफ आर्क या सुमारे सतरा वर्षांच्या मुलीसाठी पूर्ण चिलखत घडविण्यात आले. त्याच वर्षी ऑर्लेआँच्या लढाईत एक बाण तिच्या मान आणि खांदा यांच्यामध्ये घुसला. पूर्ण चिलखतातही बाणाने फट शोधली. मग उघड्या पोटाची काय कथा?

कोणी म्हणेल, "ही तर कल्पना! कल्पनेत सारे चालते." मला हे पटत नाही. ज्या आगीत वीर पोळतो, त्या आगीत वीरांगनाही पोळलीच पाहिजे. नाही तर कथेवर विश्वास कसा बसावा? टॉल्किन यांच्या १९५५ साली पूर्ण प्रसिद्ध झालेल्या अद्भुतकथेत राजाची भाची एओविन इतर स्वारांप्रमाणेच चिलखत व शिरस्त्राण घालून रणात उतरते. शत्रूच्या गदेने तिच्या ढालीचे तुकडे होतात, हात मोडतो; तरी ती मागे हटत नाही आणि शत्रूला लोळविते.

वीरांगनेला अपुरे चिलखत देणे म्हणजे ती लढण्यासाठी नव्हे, केवळ पाहिली जाण्यासाठी उभी आहे, असे म्हणणे होय. मुलांनो, तुम्हीही आपल्या वह्यांत वीर आणि वीरांगना रेखाटीत असाल. पुढच्या वेळी पेन्सिल हाती घ्याल, तेव्हा मनाला एवढेच विचारा : या वेषात ही खरोखर लढू शकेल काय?