इंग्रजी : आधी कान, मग जीभ

मराठीत विद्वान माणसाला ‘बहुश्रुत’ म्हणतात. बहुश्रुत म्हणजे ज्याने पुष्कळ ऐकले आहे तो. पुष्कळ बोलणारा नव्हे. नवविधा भक्तीतही पहिला मान श्रवणाचा आहे, आणि समर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकाचा आरंभ श्रवणभक्तीनेच केला आहे. आपल्या खेड्यापाड्यांतून हरिनाम सप्ताहात बसणारी, अक्षरओळख नसलेली म्हातारी माणसे केवळ ऐकून ऐकून संतवचनांचे दाखले देतात. ऐकून शिकण्याची एवढी मोठी परंपरा ज्या मातीत आहे, त्याच मातीतल्या पदवीधराने कानावर चार इंग्रजी वाक्ये पडताच गांगरून का जावे? हा प्रश्न मला गेली तीन वर्षे सतावतो आहे, आणि माझ्या विद्यार्थी मित्रांपुढे व गुरुजनांपुढे तो मोकळेपणाने मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले. म्हणजे आमची पिढी पदवीच्या वर्गापर्यंत तब्बल पंधरा वर्षे इंग्रजी शिकते. या पंधरा वर्षांत आपण शब्दार्थ पाठ केले, रिकाम्या जागा भरल्या, प्रयोग बदलले, निबंध घोकले. हे सारे डोळ्यांचे आणि हाताचे काम झाले. कानांना काय मिळाले? वर्गात एक इंग्रजी वाक्य वाचले जाते आणि लगेच त्याचा मराठी अर्थ सांगितला जातो. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात शिक्षकांचाही निरुपाय असतो, हे मला मान्य आहे. परंतु याचा परिणाम असा होतो की, इंग्रजी वाक्य चालू असताना कान स्वस्थ बसतो. मागून मराठी येणारच आहे, याची त्याला खात्री असते. पंधरा वर्षे आपण जणू इंग्रजी न ऐकण्याचीच सवय करीत असतो! बारावीला ८० गुणांच्या लेखी परीक्षेसोबत इंग्रजीची २० गुणांची तोंडी परीक्षा असते व तीत श्रवणालाही स्थान आहे. पण आपण विद्यार्थी त्या गुणांकडे ‘मिळणारच’ म्हणून पाहतो आणि सोडून देतो.

पुष्कळांचा समज असा की, शब्द पाठ असले म्हणजे ऐकलेले समजतेच. वास्तविक तसे नाही. पुस्तकात शब्द सुटेसुटे उभे असतात. बोलताना ते हातात हात घालून येतात. ‘नॉट ॲट ऑल’ हे तीन शब्द कानावर ‘नॉटटॉल’ असे एकच होऊन आदळतात. शिवाय आपण मराठीत बहुतेक प्रत्येक अक्षराला त्याचा पुरता वेळ देतो. इंग्रजीत एका अवयवावर जोर पडतो आणि बाकीचे दबून जातात. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या ‘फो’वर आहे, पण ‘फोटोग्राफर’ म्हणताना तो ‘टॉ’वर सरकतो आणि आधीचा ‘फो’ नुसता ‘फ’ उरतो. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ यांतला फरकही बऱ्याच अंशी जोराचा. तो कानाला कळला नाही, तर तेराचे तीस व्हायला वेळ लागत नाही.

यात इंग्रजीचा काही खोडसाळपणा आहे असे नाही. आपणही ‘काय करतो आहेस’ असे कुठे म्हणतो? ‘काय करतोयस’ म्हणतो. पुस्तकातून मराठी शिकून आलेल्या परप्रांतीयाला वऱ्हाडातील बाजारात ‘काहून’, ‘मले’, ‘तुले’ ऐकू आले, तर तोही बावचळेल. मात्र चार महिने इथे राहिला तर त्याला सारे समजू लागेल. कारण पुस्तक वाढले नाही, तरी त्याचा कान वाढला!

आता कोणी म्हणेल, अमडापूरच्या मुलाला इंग्रजी ऐकण्याचे काम पडते कुठे? शेतात मराठी, घरी मराठी, चिखली-खामगावच्या बाजारातही मराठी. प्रश्न रास्त आहे. पण उत्तरही फार दूर नाही. शेगावच्या रेल्वे स्थानकावर उभे राहा. गाडीची घोषणा मराठी, हिंदी व इंग्रजी अशा तिन्ही भाषांत होते. इतकी सोपी, फुकट आणि सार्थ शिकवणी दुसरी नाही, कारण अर्थ आधीच ठाऊक असतो आणि कानाला फक्त ध्वनी ओळखायचे असतात. हीच युक्ती घरी करता येते. आकाशवाणीचे मराठी बातमीपत्र आधी ऐकावे व त्याच दिवसाचे इंग्रजी बातमीपत्र नंतर. बातमी माहीत असली की निम्मी लढाई जिंकलेली असते.

अभ्यासाच्या इंग्रजीचेही तसेच. आपल्याच जिल्ह्यातील लोणारचे सरोवर उल्कापाताने बेसॉल्टच्या खडकात तयार झाले, त्याचे पाणी खारे व अल्कधर्मी आहे, २०२० साली त्याला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला, या गोष्टी आपण मराठीत वाचलेल्या आहेत. मग त्याच सरोवरावरील इंग्रजी माहितीपट ऐकून पाहावा. भूगोलाच्या विद्यार्थ्याने भूगोलाचे, इतिहासाच्या विद्यार्थ्याने इतिहासाचे व्याख्यान ऐकावे. २०१७ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ व्यासपीठावर भारतीय प्राध्यापकांची व्याख्याने मोबाइलवर मिळतात. विलायती उच्चारांच्या मागे लागण्याआधी आपल्या देशातील इंग्रजी कानात बसवणे अधिक शहाणपणाचे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या क्रमाचा विचार परीक्षा घेणाऱ्यांनीही केलेला आहे. परदेशी शिक्षणासाठी अनेक जण जी आयईएलटीएस परीक्षा देतात, तिच्या श्रवणाच्या भागात ४ विभाग व ४० प्रश्न असतात. पहिले दोन विभाग रोजच्या व्यवहारातले. उरलेले दोन शिक्षणातले, त्यांतला शेवटचा म्हणजे एक छोटे व्याख्यानच. सारे सुमारे तीस मिनिटांचे, आणि ध्वनिमुद्रण एकदाच ऐकवतात. आपल्याला परदेशी जायचे नसेलही. पण व्यवहाराकडून विद्येकडे जाणारी ही पायऱ्यांची रचना उचलायला कोणाची हरकत आहे?

काही मित्र म्हणतात, आम्ही इंग्रजी चित्रपट पाहतोच की! पण खाली अक्षरे वाचत पाहिलेला चित्रपट हा पुन्हा डोळ्यांचाच अभ्यास. दुसरे म्हणतात, हे सारे शहरी मुलांचे चोचले आहेत. त्यांना मी औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या गाडीवाट या खेड्याची आठवण देईन. तेथील जिल्हा परिषद शाळेतील मुले जपानी भाषा शिकतात, ही गोष्ट २०२० साली वृत्तपत्रांतून गाजली. पाठ्यपुस्तके नव्हती, तेव्हा इंटरनेटवरील चित्रफिती पाहून-ऐकून त्यांनी सुरुवात केली. शेतकऱ्यांची मुले जपानी ऐकून शिकू शकतात, तर पंधरा वर्षांची ओळख असलेली इंग्रजी आपल्याला परकी का वाटावी?

खरी अडचण भीतीची आहे. इंग्रजी म्हटले की आपल्यापुढे ‘बोलणे’ उभे राहते, चारचौघांत हसे होण्याची धास्ती वाटते, आणि त्या धास्तीपायी आपण ऐकणेही टाळतो. तान्हे मूल सुमारे वर्षभर नुसते ऐकते, मग पहिला शब्द बोलते. त्याला कोणी मुका म्हणत नाही. म्हणून माझी सूचना अशी : ऐकावे इंग्रजीत, सांगावे मराठीत. आठवड्यातून एक दिवस अर्धा तास महाविद्यालयात एक मोबाइल आणि एक ध्वनिवर्धक ठेवावा. पहिल्या सत्रात पत्ते, वेळा, किमती, दूरध्वनी क्रमांक, वाट विचारणे. दुसऱ्या सत्रात छोटी व्याख्याने व टिपणे. ऐकलेल्याचा सारांश प्रत्येकाने मराठीत सांगावा. समजले की नाही हे त्यातून कळते, आणि जिभेची लाजही आड येत नाही. प्राध्यापकांनीही तासाची पहिली दहा मिनिटे सोप्या इंग्रजीत बोलावे व अर्थ लगेच सांगू नये, एवढी नम्र विनंती आहे.

मुलाखतीच्या खोलीतून एखादा मुलगा खाली मान घालून बाहेर येतो, तेव्हा त्याला उत्तर येत नव्हते असे आपण धरून चालतो. पुष्कळदा त्याला उत्तर येत असते. प्रश्नच कळलेला नसतो. बँकेच्या दूरध्वनीवर ‘होय, होय’ म्हणणाऱ्या मुलीने नेमके कशाला होकार दिला, हे तिलाच ठाऊक नसते. बुद्धी असून केवळ कानामुळे माणूस मागे पडावा, ही गोष्ट मला फार लागते. मराठी आपली आई आहे, तिची जागा कोणी घेऊ शकत नाही. पण दारात आलेला परका काय म्हणतो आहे, तेवढे तरी आपल्याला कळायला नको काय? मित्रहो, पुढील सत्राची वाट कशाला पाहता? आज रात्रीच्या बातम्यांपासूनच आरंभ करू या.