परदेशी राहणारे वडीलधारे

पेढीचा व्याप मुलांच्या स्वाधीन करून वृद्ध आईवडील इंग्लंडातील मुलाकडे कायमचे जातात, ही गोष्ट आपल्या समाजात आता नवी नाही. परंतु त्या मुलुखात थकलेल्या देहाचे काय होते, याचा विचार अपुराच होतो, असे आम्हांस वाटते.

लेस्टर शहराचेच पाहा. १९७२ साली युगांडातून निघावे लागलेली अनेक गुजराती कुटुंबे तेथे स्थिरावली. १९८८ साली जैन मंदिरही झाले. धर्माची सोय झाली, पण सूर्यास कोण सांगणार? डिसेंबरात तो चारच्या आधीच मावळतो व सव्वाआठच्या सुमारास उगवतो. चौविहार आणि नवकारशी पाळणाऱ्यास सुमारे १७ तास अन्नपाणी वर्ज्य. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या चालू असता एवढ्या अवधीत रक्तातील साखर धोकादायक उतरू शकते. शिवाय तेथील हिवाळी उन्हातून पुरेसे ड जीवनसत्त्व मिळत नाही.

व्रत सोडावे, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. मात्र ते डॉक्टरांपासून लपवू नये. औषधाचे प्रमाण व वेळा बदलता येतात. आजारपणातील मर्यादा गुरुमहाराजांस विचारावी. आणि भाषा न येणाऱ्या आईस दिवसभर बंद घरात न ठेवता मंदिरात, समवयस्कांत नेत जावे.

माल परदेशी धाडताना आपण किती तजवीज करतो! जन्मदात्यांसाठी तितकी तरी करावी, एवढीच आमची विनंती.