कुणाच्या पोटातलं पाणी हलत नाही

स्वादुपिंड हा शब्द आपल्यातल्या कितीजणांना ठाऊक आहे? मी मॅट्रिकच्या शास्त्रात वाचला, मार्कांपुरता. जठराच्या मागं, मणक्याला टेकून पडलेली ही ग्रंथी. अन्न पचवणारा रस करते. ती फुटली की तोच रस आपलंच मांस पचवायला घेतो.

पोरांची कशी फुटते? सायकलवरून पडताना हँडल पोटात घुसतं. बस्स. गोदीत आमच्या टोळीतल्या एकाच्या पोराचं हेच झालं. वरून नुसता निळा डाग. चार-पाच आठवड्यांनी पोट फुगलं, खाल्लेलं उलटून पडायला लागलं. आत रस साचून त्याभोवती भिंत धरली होती. डॉक्टर लोक त्याला स्यूडोसिस्ट म्हणतात. खोटी गाठ. दुखणं अस्सल.

लहान असली, त्रास देत नसली तर ही गाठ पुष्कळदा आपोआप जिरते. उगाच घाबरू नका. पण उलट्या, ताप, पू सुरू झाला की ती रिकामी करावीच लागते. पूर्वी पोट चिरायचे. नाहीतर बाहेरून कातडीतून नळी. पण आतली रसवाहिनीच तुटलेली असली तर त्या भोकातून रस महिनोन्महिने झिरपत राहतो. कमरेला पिशवी लटकवून कुठलं पोर शाळेत बसेल?

आता तिसरा रस्ता आहे. तोंडातून दुर्बीण घालतात, तिच्या टोकाला सोनोग्राफी. जठरातूनच पलीकडची गाठ दिसते, मधल्या रक्तवाहिन्या दिसतात. त्या चुकवून भोक पाडायचं आणि दोन्ही टोकं वळलेल्या प्लास्टिकच्या नळ्या, नाहीतर धातूचा स्टेंट बसवायचा. पाणी जठरात उतरतं. पोटावर टाका नाही. धातूचा स्टेंट मात्र साधारण तीन-चार आठवड्यांत काढावा लागतो, राहिला तर रक्तस्रावाची भीती. म्हणजे पुन्हा भूल, पुन्हा बापाचा खाडा. तरी पोट फाडण्यापेक्षा बरं.

ही दुर्बीण मोठ्या माणसाच्या मापाची. लहान्या गळ्यातून घालायला तयार हात लागतो. असे हात हैदराबादेत आहेत, आणखी मोजक्या शहरांत आहेत. गोदीत नवं यंत्र आलं की आमचे हात कमी करतात. इथं यंत्र आहे तर हात नाही, हात आहे तर यंत्र नाही.

त्या पोराला शेवटी बाहेरूनच नळी लागली. सरकारी डॉक्टर वाईट नव्हता, त्याच्याकडं तेवढंच होतं. वाईट होता तो पलीकडच्या ट्रस्टच्या इस्पितळातला काउंटर. "आधी डिपॉझिट." कंत्राटी हमालाकडं डिपॉझिट?

२००६ साली मुंबई हायकोर्टानं योजना घालून दिली. धर्मादाय इस्पितळांनी दहा टक्के खाटा निर्धनांना फुकट द्यायच्या, आणखी दहा टक्के दुर्बलांना सवलतीत. काउंटरवर हे कुणी बोलतं का? सरकारनं २०१७ साली आरोग्य योजनेला जोतीराव फुल्यांचं नाव दिलं. नाव द्यायला काय जातं? प्रत्येक सरकारी मेडिकल कॉलेजात ही दुर्बीण आणि पोरांवर ती चालवायला शिकलेला एक माणूस द्या.

तोवर कुणाचं पोर असं अडकलं तर बापाला एकट्याला पाठवू नका. चौघं जा. काउंटरवर उभं राहून म्हणा, धर्मादाय खाटांचा आजचा तक्ता दाखव.