चार कोपऱ्यांचा तास

समुपदेशन हा शब्द आता आपल्या सीमाभागातल्या शाळांतही पोहोचला आहे. पण तो येतो बहुतेक वेळा पाहुण्यांच्या गाडीतून. दीपप्रज्वलन होते, मुले ओळीने मांडी घालून बसतात, आणि ‘मोबाईल वाईट, राग वाईट, आई-वडिलांचे ऐका’ असे पाऊण तास सांगून पाहुणे चहाला जातात. आभारप्रदर्शन झाले की समुपदेशन संपले. ज्या मुलाला खरोखर काही सांगायचे होते ते तिसऱ्या ओळीत बसून पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत असते.

हा विषय आत्ताच काढण्याला कारण आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत देशभरातल्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. विशाखापट्टणमला राहून नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूचे ते प्रकरण होते. कायदा होईपर्यंत या सूचना बंधनकारक आहेत. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडून ठेवावा, असे त्यात आहे. आता आपल्या तालुक्यांतल्या मराठी प्राथमिक शाळांचे पट डोळ्यांसमोर आणा. शंभरचा आकडा किती शाळा गाठतील? म्हणजे आपली बरीच मुले त्या दुसऱ्या वाक्यात मोडतात, आणि सरकारी कामात दुसऱ्या वाक्याचे काय होते हे वेगळे सांगायला नको.

शिवाय चर्चा सगळी दहावी-बारावीच्या आणि नीट-जेईईच्या मुलांची आहे. ती व्हायलाच हवी. पण सतरा वर्षांच्या मुलाने ‘मला जमत नाही, मला भीती वाटते’ हे कोणाला तरी सांगावे असे वाटत असेल, तर ते सांगण्याची सवय सातव्या-आठव्या वर्षी लागायला हवी. त्या वयासाठी भाषण कुचकामी आहे. पद्धत वेगळी लागते, आणि ती अवघड किंवा महाग नाही.

अमेरिकेतल्या बऱ्याच प्राथमिक शाळांत समुपदेशक हा शाळेच्या नोकरीतला माणूस असतो. अडीचशे मुलांमागे एक असावा, अशी तिथल्या व्यावसायिक संघटनेची शिफारस आहे. ती सगळीकडे पाळली जात नाही हा भाग वेगळा. हा समुपदेशक वर्गावर जाऊन तासही घेतो. त्यातल्या अनेकांनी धरलेली एक रीत म्हणजे वर्गात चार-पाच ठिकाणी वेगवेगळी कामे मांडायची आणि मुलांचे लहान गट करून ते ठराविक वेळाने एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी फिरवायचे. तिकडे त्याला ‘लर्निंग स्टेशन’ म्हणतात. आपण कोपरे म्हणू.

हे परदेशी खूळ आहे असे कोणी म्हणेल, म्हणून आधीच सांगतो. कर्नाटकात ‘नली-कली’ची सुरुवात १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात झाली, ती आंध्रातल्या ऋषी व्हॅलीचा प्रयोग पाहून आलेल्या शिक्षकांच्या हातून. २००९ पासून ती राज्यभर नेली गेली. त्यात मुले गटागटाने बसतात. काही गुरुजींच्या मदतीने, काही मित्राच्या मदतीने, काही आपली आपण शिकतात. त्याही मागे जायचे तर ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे अनुताई वाघांसह कोसबाडला काय केले? मुलाच्या हाताला काम द्या, त्याला हलू द्या, मोठ्यांनी मधे मधे बोलू नका. घरचीच गोष्ट आहे. ती आपण अंक-अक्षरांपुरती ठेवली, मनापर्यंत नेली नाही, एवढेच.

एक तास मांडून पाहू. इयत्ता तिसरी, चोवीस मुले, चाळीस मिनिटे, विषय राग. सहा-सहांचे चार गट. प्रत्येक कोपऱ्यात आठ मिनिटे, म्हणजे बत्तीस. उरलेली आठ मिनिटे सुरुवातीला समजावून सांगण्यात आणि कोपरे बदलण्यात जातात.

पहिल्या कोपऱ्यात चेहऱ्यांची चित्रे आणि शब्दांच्या चिठ्ठ्या. कोणत्या चेहऱ्याला कोणता शब्द, ते मुलांनी जुळवायचे. दुसऱ्या कोपऱ्यात श्वासाचा खेळ: फूल हुंगल्यासारखा श्वास आत घ्यायचा, पणतीवर हळूच फुंकर घातल्यासारखा बाहेर सोडायचा, ज्योत हलावी पण विझू नये. (पणती कागदाचीच ठेवावी!) तिसऱ्या कोपऱ्यात प्रसंगांची कार्डे. ‘मधल्या सुट्टीत तुला खेळात घेतले नाही.’ ‘मैत्रिणीने कट्टी घेतली आणि कारण सांगितले नाही.’ ‘बसमध्ये कोणीतरी तुझ्या बोलण्याला हसले.’ मुलांनी तो प्रसंग दोन तऱ्हांनी करून दाखवायचा, आधी भांडण होते असा आणि मग मिटते असा. चौथा कोपरा बोलण्याचा. तिथे बाई किंवा समुपदेशक खाली सतरंजीवर मुलांच्या उंचीला बसतात.

इथे माझ्यातला कॉमर्सवाला हिशेब करतो. चाळीस मिनिटे चोवीस जणांत वाटली तर एकेकाला एक मिनिट चाळीस सेकंद येतात. आठ मिनिटे सहांत वाटली तर एक मिनिट वीस सेकंद. म्हणजे कागदावर कोपऱ्यांचा सौदा तोट्याचाच दिसतो. पण तो हिशेब फसवा आहे. भरल्या वर्गात बोलायचे म्हणजे तेवीस जणांसमोर बोलायचे. तेव्हा दोनच मुले बोलतात, तीही दर वेळी तीच. आणि एक बोलत असताना बाकीची तेवीस रिकामी असतात. सहांत बोलताना ऐकणारे पाचच मित्र असतात, आणि उरलेल्या तिन्ही कोपऱ्यांत मूल काही ना काही करत असते. जे तोंडाने बोलणार नाही ते चित्र जुळवताना दिसते, नाटकात दिसते. कोण कायम मार खाणाऱ्याचेच काम घेते, हे डोळे उघडे ठेवणाऱ्या बाईंच्या लक्षात आल्याशिवाय राहत नाही.

आता पहिल्या कोपऱ्यातल्या चिठ्ठ्यांविषयी, कारण माझ्या मते सगळे त्यांच्यावर आहे. इंग्रजी शाळेत घातलेल्या आपल्या मुलांना विचारून पाहा, काय झाले? उत्तर येते ‘सॅड’, ‘अँग्री’ नाहीतर ‘बोअर’. तीन डब्यांत सगळे मन कोंबलेले. मराठीत राग आहे, रुसवा आहे, चिडचिड आहे, धुसफूस आहे. रुसवा म्हणजे राग नव्हे. रुसलेल्याला कोणीतरी येऊन समजूत काढावी असे आतून वाटत असते. रागावलेल्याला तसे वाटेलच असे नाही. हिरमुसणे म्हणजे नुसते दुःख नव्हे, त्याच्या आधी आशा असावी लागते. भीती समोरच्या कुत्र्याची, धास्ती उद्याच्या परीक्षेची. ओशाळणे वेगळे, लाजणे वेगळे. आणि ‘कसंनुसं होतंय’ या आपल्या घरगुती शब्दांत तर पोटदुखीपासून परकेपणापर्यंत काहीही असू शकते. मूल ते म्हणाले की जवळ घेऊन विचारायचे असते. हे भेद ज्या मुलाला येतात त्याला नेमके काय हवे आहे तेही सांगता येते. आठ वर्षांच्या मुलाला हे शब्द परक्या भाषेतून कोण देणार?

म्हणूनच समुपदेशकाची भाषा हा आपल्यासाठी सोयीचा प्रश्न नाही, हक्काचा आहे. शिक्षणहक्क कायदा, २००९ मधले कलम २९ काढून वाचावे. शिक्षणाचे माध्यम शक्य तितके मुलाची मातृभाषा असावे, असे एका उपकलमात म्हटले आहे. त्याला लागूनच पुढचे उपकलम: मूल भय, आघात आणि चिंता यांपासून मुक्त राहावे आणि त्याला मोकळेपणाने मत मांडता यावे. कायदा करणाऱ्यांनी ही दोन वाक्ये शेजारी ठेवली आहेत, ती शेजारीच वाचली पाहिजेत. घटनेच्या ३५० क कलमाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्याची जबाबदारी राज्यावर टाकलेलीच आहे. एक नोव्हेंबरला आपण काळ्या दिनाच्या फेरीत भाषेसाठी चालतो. मराठी परिपत्रके मागतो, फलक मागतो, शिक्षकांच्या जागा भरा म्हणतो. त्या निवेदनांत हे कलम २९ एकदाही का येऊ नये? मराठी शाळेत येणाऱ्या समुपदेशकाला मुलांचे मराठी समजले पाहिजे, ही मागणी जास्त नाही. कन्नड घरातल्या मुलाला कन्नडमध्ये हाच हक्क आहे, त्याबद्दल आपला काही वाद नाही.

आक्षेप येतील. गोंधळ होतो, हा पहिला. होतोच. पहिल्या दोन तासांना तर काही खरे नसते. घंटी वाजली की कोपरा बदलायचा, ही शिस्त बसायला वेळ लागतो. जागा नाही म्हणावे तर व्हरांडा आहे, झाडाखाली जागा आहे. पाहुण्यांच्या सभेला ती सापडतेच. शिक्षकांना वेळ नाही, हा आक्षेप मात्र मी मान्य करतो. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हा कायद्याचा हिशेब, आणि त्याच दोघांनी दुपारचे जेवण बघायचे, निवडणुकीची आणि जनगणनेची कामे करायची, चार इयत्ता सांभाळायच्या. त्यांच्यावर आणखी एक ओझे टाकून मंडळाने टाळ्या घेऊ नयेत. महिन्यातून दोन तास, आणि त्या तासाला बाहेरचे एक माणूस मदतीला. तेवढे आपण देऊ शकतो.

याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. सहा मुलांच्या गटात घरातली गोष्ट कोणालाही विचारू नये. ‘बाबा दारू पितात का?’ असला प्रश्न कोपऱ्यात विचारणाऱ्याला वर्गात पुन्हा येऊ देऊ नये, मग तो कितीही शिकलेला असो. ते दुपारी पाच जणांना कळते आणि संध्याकाळी गल्लीला. कोपऱ्यात बोलायचे ते कार्डावरच्या मुलाविषयी. कोणाला आपले स्वतःचे सांगायचे असेल तर बाईंकडे चिठ्ठीचा डबा असावा आणि नंतर एकट्याने भेटण्याची वेळ. त्या डब्यात एखादी चिठ्ठी अशी निघेल की ती वाचून गप्प बसता येणार नाही. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ती कळवणे बंधनकारक आहे. गावाची अब्रू, ओळखीचे घर, ही कारणे तिथे चालत नाहीत. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला असावा. कोपऱ्यांचा तास हा उपचार नव्हे. कोणाला उपचाराची गरज आहे हे लवकर दिसावे, म्हणून तो आहे.

खर्चाचे बोलायचे तर पुठ्ठा, रंगीत कागद, स्केचपेन, एक डबा, एक घंटी आणि दोन सतरंज्या. सतरंज्या मंडळाकडे आहेतच. एका स्नेहसंमेलनाच्या मांडवाच्या भाड्यात अनेक शाळांचे साहित्य होईल.

कार्डे मात्र विकत घेऊ नयेत. बाजारात मिळणारी चकचकीत कार्डे इंग्रजी तरी असतात किंवा कोणीतरी घाईने केलेल्या भाषांतराची. ती आपल्या बोलीत लिहिली पाहिजेत, पाठ्यपुस्तकातल्या कोरड्या मराठीत नव्हे. आपल्या सभासदांत निवृत्त शिक्षक-शिक्षिका पुष्कळ आहेत, मधल्या सुट्टीतली भांडणे त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक नाहीत. त्यांनी या दिवाळीच्या सुट्टीत बसून सहा तासांची कार्डे लिहावीत: राग, भीती, कट्टी, हरणे, नवीन मूल वर्गात येणे, आणि खोटे बोलणे. सुरुवात तिसरीपासून करावी, कारण त्या मुलांना कार्ड वाचता येते आणि ती अजून मोठ्यांपासून लपवायला शिकलेली नसतात. पहिली-दुसरीसाठी नंतर नुसत्या चित्रांची कार्डे करता येतील. ज्यांना लिहायचे आहे त्यांनी कार्यवाहांकडे नावे द्यावीत.