साठ टक्के सूट... पण कशावर?



आज जरा भांडायचं आहे. भांडण कुणा एका माणसाशी नाही, एका सवयीशी आहे. "आगगाडीचं मॉडेल घ्यायचंय ना, मग सेलची वाट बघा. पन्नास-साठ टक्के सूट लागली की उचला." हे वाक्य मी गेली बारा-पंधरा वर्षं ऐकतोय. मेव्हणे म्हणतात, इंग्लंडमधला भाचा म्हणतो, आमच्या सूनबाईसुद्धा म्हणतात (त्यांचा हेतू चांगला असतो, पेन्शनची काळजी!). सगळ्यांना एकदाच उत्तर देऊन टाकतो. पटलं तर घ्या, नाही पटलं तर सोडून द्या.

नव्या मंडळींसाठी आधी दोन शब्द. मी बोलतोय ते चावीच्या खेळण्याबद्दल नाही. खऱ्या इंजिनाची प्रमाणात केलेली प्रतिकृती, रुळांतून बारा व्होल्ट वीज घेऊन धावणारी, हा विषय. ब्रिटनमध्ये ही मॉडेलं बहुतेक 'ओओ' मापाची, म्हणजे १:७६. युरोप-अमेरिकेत 'एचओ', म्हणजे १:८७. गंमत अशी की दोन्हींचा रूळ एकच, १६.५ मिलिमीटरचा. मुलगी इंग्लंडला असल्यामुळे माझं तिकडे जाणं झालं, तिथे हा नाद लागला, आणि आता घरी मागच्या खोलीत आठ बाय चार फुटांच्या प्लायवर माझं छोटंसं जंक्शन आहे. असो.

मुद्द्यावर येतो. शाळेत शेकडेवारी शिकवताना माझा पहिला प्रश्न ठरलेला असे: "शेकडा किती ते नंतर सांग. आधी सांग, कशाचे शेकडा?" सेलच्या पाटीसमोर उभं राहिल्यावर शिकलेली माणसंसुद्धा हा प्रश्न विसरतात. साठ टक्के सूट खरी, पण ज्या किमतीवर सूट दिली ती किंमत कुणी ठरवली? त्या किमतीला ते इंजिन कधी कुणी घेतलं होतं का? आणि मुळात त्यावर सूट द्यायची वेळ का आली?

ही वेळ का येते, ते समजून घ्या. इंजिनाच्या मॉडेलमध्ये सगळ्यात महाग असतो तो साचा. एकदा साचा केला की कारखाना त्याच साच्यातून वेगवेगळ्या रंगांची, वेगवेगळ्या नंबरांची इंजिनं काढतो. 'फ्लाइंग स्कॉट्समन' घ्या. १९२३ साली डॉन्कास्टरला बांधलेलं, १९३४ मध्ये ताशी शंभर मैलांची नोंद करणारं. सफरचंदी हिरव्या रंगातलं ते ४४७२ नंबरचं इंजिन दुकानात फार दिवस पडून राहत नाही. पण दुसरं एखादं काळं, मालगाडी ओढणारं, ज्याचं नाव कुणाच्या तोंडी नाही असं इंजिन मागे राहतं. वर्ष-दोन वर्षांनी त्यावर सूट लागते. हा झाला सवलतीचा सरळ प्रकार, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. उलट मला काळी इंजिनंच आवडतात! ब्रिटिश रेल्वेचं '९एफ' घ्या. १९५४ ते १९६० या काळात अशी २५१ बांधली गेली. दहा चालक चाकं, अंगावर दागिना नाही, पण ओझं ओढायला वाघ. त्यातलं शेवटचं 'ईव्हनिंग स्टार', १९६० साली स्विंडनला बांधलेलं, ब्रिटिश रेल्वेसाठी बांधलेलं शेवटचं वाफेचं इंजिन. ते मात्र हिरवं, म्हणून ते सगळ्यांना हवं. त्याच्या काळ्या भावंडांकडे कुणी बघत नाही. अशा वेळी माझ्यासारख्याने ते काळं भावंड घ्यावं, यात दोघांचंही भलं.

माझं भांडण आहे ते दुसऱ्या प्रकाराशी. सरसकट, सतत, सगळ्यावर सूट!

याचा परिणाम काय होतो ते हॉर्नबीच्या गोष्टीत दिसतं. फ्रँक हॉर्नबी या माणसाने १९२० मध्ये आपल्या नावाच्या गाड्या बाजारात आणल्या, आणि ब्रिटनमध्ये खेळातली आगगाडी म्हटलं की आजही हेच नाव तोंडात येतं. १९९० च्या दशकात कंपनीचं उत्पादन चीनला गेलं. २०१६ साली कंपनीला मोठ्या तोट्याची जाहीर सूचना द्यावी लागली आणि शेअर कोसळला. साठा मोकळा करायचा तर भाव पाडा, हा मार्ग चालू राहिला. ऑक्टोबर २०१७ मध्ये लिंडन डेव्हिस प्रमुख झाले आणि त्यांनी मोठी सवलत देणं बंद केलं. विक्री आधी खाली गेली. जाणारच होती, कारण गिऱ्हाइकाला थांबायची सवय लागली होती.

आता विचार करा, या सवलतीची किंमत कुणी मोजली? ज्याने वर्षभर आधी पूर्ण किमतीला नाव नोंदवलं, त्याने. त्याच्या हातात इंजिन पडलं आणि थोड्याच दिवसांत तेच इंजिन अर्ध्या भावात! हा माणूस पुढच्या खेपेला नाव नोंदवेल का? नाही नोंदवणार. मग कारखान्याला मागणीचा अंदाज येत नाही, तो कमी नग काढतो, साच्याचा खर्च कमी नगांवर वाटला जातो, आणि किंमत आणखी चढते. आज ओओ मापाच्या मोठ्या नव्या वाफेच्या इंजिनाला दोनशे पौंडांच्या पुढे मोजावे लागतात. किमती चढण्यामागे मजुरी, वाहतूक अशी इतर कारणं आहेतच, मी नाकारत नाही. पण सवलतीच्या वाटेकडे डोळे लावून बसणाऱ्यांचाही त्यात वाटा आहे. हे कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो.

दुसरी किंमत मोजली ती दुकानदाराने. त्याने तोच माल आधीच्या घाऊक भावाने भरलेला. त्याच्याकडे जाऊन इंजिन हातात घ्यायचं, चालवून दाखवायला लावायचं, चाकांबद्दल चार प्रश्न विचारायचे, आणि घरी येऊन दहा पौंड कमी असतील तिथून मागवायचं! ही हुशारी आहे असं भाचा म्हणतो. मी याला हुशारी म्हणत नाही. दुकान बंद झालं की मग हेच लोक हळहळतात. लिव्हरपूलचं हॅटन्स १९४६ पासूनचं दुकान. जुनी मॉडेलं विकत घेणारं आणि विकणारं, सवलतीसाठी तर प्रसिद्धच. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी व्यवसाय बंद करत असल्याचं जाहीर केलं. स्वस्त विकणारं नावाजलेलं दुकानही टिकत नाही, तर कोपऱ्यावरच्या एकट्या दुकानदाराचं काय?

"पण सर, पेन्शनरने मग काय करायचं? पूर्ण किमतीला घ्यायची ऐपत कुणाची आहे?" हा प्रश्न रास्त आहे. माझं स्वतःचं अर्धं जंक्शन कमी पैशांत उभं राहिलंय, तेव्हा स्वस्ताईला नावं ठेवायचा मला हक्क नाही, आणि मी ठेवतही नाही. माझं म्हणणं एवढंच की टक्के शोधू नका, इंजिन शोधा. आधी ठरवा, मला अमुक एक इंजिन हवंय. मग ते जिथे योग्य भावात, चालू स्थितीत मिळेल तिथे घ्या. असं शोधलं तर ते बहुतेक वेळा सेलमध्ये सापडत नाही. ते वापरलेल्या मालात सापडतं. माझं काळं ९एफ मी इंग्लंडमधल्या एका गावच्या प्रदर्शनात वापरलेलं घेतलं. नव्याच्या निम्म्याहून कमी पैसे पडले, आणि गेली नऊ वर्षं ते जवळजवळ रोज धावतंय.

भाच्याचंही ऐका. त्याने पंचावन्न टक्के सूट बघून एक डिझेल इंजिन घेतलं. वर्षभरात त्याचा सांगाडा फुगला आणि तडकला. जस्ताच्या मिश्रधातूत शिसं वगैरे अशुद्धी राहिली की असं होतं. धातू आतून कुजतो आणि त्यावर इलाज नाही. सुटा भाग कुठे मिळेना. मग त्याने स्वस्त मिळाले म्हणून चार डबे घेतले, लिमा या इटालियन कंपनीचे, १९७० च्या दशकातले. गाडी ब्रिटिशच, पण माप १:८७. ओओ इंजिनामागे ते डबे जोडले तर बापामागे पोरं चालल्यासारखं दिसतं! रूळ एक असला म्हणून माप एक नसतं. शेवटी इंजिनात डिजिटल चिप बसवायची म्हणून खर्च, जोडकड्या बदलायच्या म्हणून खर्च. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

तेव्हा स्वस्तात घ्यायचंच असेल तर या म्हाताऱ्या मास्तराची तपासणी लक्षात ठेवा.

पहिलं, इंजिन चालवून बघा, आणि जोरात नाही, अगदी हळू. पुढे आणि मागे, दोन्हीकडे. जोरात कुठलंही इंजिन धावतं. गोगलगायीच्या चालीने न अडखळता जाईल ते खरं.

दुसरं, कान द्या. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा 'टक्' असा आवाज आला तर आसावरचं प्लॅस्टिकचं दातेरी चाक चिरलेलं असण्याची शक्यता मोठी.

तिसरं, इंजिन डोळ्यासमोर आडवं धरा. सांगाडा केळ्यासारखा वाकलाय का, कुठे बारीक चिरा आहेत का, ते बघा.

चौथं, चिपसाठी जागा आहे का ते विचारा. आठ पिनांची की एकवीस पिनांची, तेही विचारा. आवाजाची चिप घ्यायची झाली तर तीच शंभर पौंडांच्या आसपास जाते. मग कसली सूट आणि कसलं काय.

पाचवं, भारतात मागवणार असाल तर जकात, जीएसटी आणि टपालखर्च धरून बेरीज करा. व्यापारी आयातीत खेळण्यांवरचं मूळ शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. घरी येणाऱ्या पार्सलचा हिशोब वेगळा असतो, पण कर त्यालाही चुकत नाही. तिकडची सूट इकडे पोचेपर्यंत विरघळून जाते.

आता शेवटचा मुद्दा, आणि खरं सांगायचं तर याच्यासाठीच एवढं लिहिलं.

सेलमध्ये घेतलेली इंजिनं धावत नाहीत हो! मी पाहिलंय. गरजेपोटी घेतलेलं इंजिन रुळावर येतं. टक्क्यांपोटी घेतलेलं कपाटात जातं. खोकं उघडलं तर भाव उतरेल म्हणून खोकं उघडायचं नाही. नातवंडांनी हात लावायचा नाही. अशी साठ-सत्तर खोकी साठवून माणूस एक दिवस जातो. घरच्यांना त्यातलं काही कळत नाही. पहिला व्यापारी येतो, सगळ्या कपाटाचा एकगठ्ठा भाव सांगतो, आणि आयुष्यभराच्या 'स्वस्त सौद्यां'चा शेवट त्याहून स्वस्त सौद्यात होतो. यात कुणाचा फायदा झाला? त्या माणसाचा नाही, पोरांचा नाही, छंदाचाही नाही. ज्या छंदात लहान मुलांना हात लावायची बंदी असते, तो छंद म्हाताऱ्यांबरोबर संपतो.

याच्या उलट आपल्या पुण्यातलं उदाहरण बघा. भाऊसाहेब जोशींनी आयुष्यभर हाच नाद केला, आणि १९९८ पासून त्यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय लोकांसाठी खुलं झालं. तिथे गाड्या धावतात आणि पोरं काचेला नाक लावून बघत बसतात. संग्रह म्हणायचा तर याला म्हणावा.

म्हणून नातेवाईक मंडळींना, विशेषतः घरच्यांना, इथेच सांगून ठेवतो. माझ्याकडे एकूण अकरा इंजिनं आहेत. प्रत्येकाच्या खोक्यात एक चिठ्ठी आहे: कधी घेतलं, किती पैसे पडले, तेल कधी घातलं, काय दुरुस्त केलं. माझ्यामागे ती एकगठ्ठा विकू नका. ९एफ धाकट्या नातीचं, हे ठरलेलं आहे. ती ते माझ्याहून हळू चालवते. बाकीची ज्या पोराला खरंच चालवायची असतील त्याला द्या. पैसे घ्यायचेच तर त्याच्या खिशाला झेपतील तेवढे घ्या. ती सूट मात्र मला मान्य आहे, मग ती नव्वद टक्के असली तरी.

मेव्हण्यांना हे पटणार नाही, मला ठाऊक आहे. त्यांनी चहाला यावं, वाद घालू. चहा पूर्ण किमतीचा मिळेल!