भट्टीचा कैवार

गावोगावच्या स्वतंत्र बेकऱ्या एकामागून एक बंद पडत आहेत आणि त्या बंद पडणे कालगतीस धरूनच आहे, असे मत अलीकडे बऱ्याच विचारी मंडळींच्या तोंडून ऐकू येते. हे मत द्वेषातून आलेले नाही. स्वच्छता, शुद्ध हवा, स्वस्ताई आणि ग्राहकाचे स्वातंत्र्य अशा चांगल्या गोष्टींच्या नावाने ते मांडले जाते, आणि म्हणूनच त्याची दखल आदराने, परंतु कलमवार, घेणे अवश्य आहे. उदाहरणासाठी मुंबईतील इराण्यांच्या जुन्या बेकऱ्या किंवा पुण्याची कयानी घेणे सोपे होते. पण नामांकितांस कैवारी पुष्कळ मिळतात, त्यांच्यावर लेख निघतात, त्यांची छायाचित्रे छापली जातात. ज्यांच्या पाटीवरचे नावही गिऱ्हाइकाच्या ध्यानात नसते अशा साध्या भट्ट्यांचा प्रश्न निराळा आहे, आणि तो पाहावयाचा तर सरावलीसारख्या गावात पाहिला पाहिजे.

सरावली हे पालघर तालुक्यातील, बोईसरला लागून असलेले गाव. १९६९ साली तारापूरचे अणुविद्युत केंद्र सुरू झाले, पुढे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत उभी राहिली, आणि भातखाचरांच्या या पट्ट्यात, सरावली, पास्थळ, कोलवडे, कुंभवली अशा गावांच्या शिवारांत, पाहता पाहता कारखान्यांचे भोंगे वाजू लागले. खानदेश-मराठवाड्यापासून उत्तर प्रदेश-बिहारपर्यंतची माणसे येथे येऊन चाळींतून, एका खोलीत चार-सहा जण अशी, राहू लागली. अशा माणसाला पहाटेच्या पाळीपूर्वी चूल पेटवून भाकरी थापता येत नाही. त्याची न्याहारी म्हणजे टपरीवरचा चहा आणि पाव, आणि रात्रपाळी सुटल्यावरचे जेवण म्हणजे पुष्कळदा उसळ आणि पाव. सुखवस्तू घरात पाव हा जिभेचा पालट असेल. येथे तो पोटाचा आधार आहे. तेव्हा पाव कोणी भाजावा, कोठे भाजावा आणि किती ताजा मिळावा, हा प्रश्न येथे रुचीचा राहत नाही, तो उपजीविकेचा होतो.

आता पूर्वपक्ष पाहू. आक्षेपकांचे म्हणणे थोडक्यात असे: पाव हे मुळात परक्यांचे अन्न, त्याच्या परंपरेचे गोडवे गाणे व्यर्थ, गावठी बेकऱ्या अस्वच्छ असतात, कारखान्यातील ब्रेड यंत्राने तयार होऊन बंद पिशवीत येतो, लाकडाच्या भट्ट्या हवा दूषित करतात, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, बाजारात जो टिकत नाही त्यास कृत्रिम आधार देऊन जगविणे हे समाजाच्या पैशाचे नुकसान होय.

पहिला आक्षेप इतिहासाचा आहे, म्हणून इतिहासानेच त्याची रुजवात घालू. उत्तर कोकणात पोर्तुगिजांच्या अमलात विहिरीत पाव टाकून गावे बाटविल्याच्या कथा लोकस्मृतीत आहेत, आणि त्या स्मृतीमागील वेदना खरी आहे. पुढे १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे घेतल्यावरून जे ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचे प्रकरण, उद्भवले त्यात टिळक आणि रानडे यांच्यासारख्या पुरुषांनाही प्रायश्चित्ताच्या वादात सापडावे लागले. परंतु ज्या समाजाने एवढा कज्जा केला त्याच समाजाने पुढे पाव-बिस्किटास घरात घेतले, वड्याशी त्याचा संसार थाटून दिला, आणि आता त्यास परका म्हणण्याचा हक्क स्वतःच गमावला. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तारापूरचा किल्ला मराठ्यांनी घेतला, परकी सत्ता या किनाऱ्यावरून गेली, पाव मात्र राहिला. कारण अन्नाला निष्ठा असते ती खाणाऱ्याची. याच जिल्ह्यातील डहाणू-घोलवडचा चिकू मूळचा अमेरिका खंडातला. त्यास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा त्याच्या परकेपणाची तक्रार कोणी केली नाही. चिकूला जो न्याय तो पावाला का नसावा, याचे उत्तर आक्षेपकांनी द्यावयाचे आहे.

दुसरा आक्षेप स्वच्छतेचा. पुष्कळ भट्ट्यांवर अस्वच्छता असते हे मी नाकारीत नाही. उघड्यावर ठेवलेले पीठ, घामाने निथळणारा कारागीर, काजळलेले छत हे दोष आहेत आणि ते दूर झालेच पाहिजेत. परंतु त्यावरून कारखान्याचा ब्रेड निर्दोष ठरतो असे जे अनुमान काढले जाते ते तर्कशुद्ध नाही. २०१६ च्या मे महिन्यात दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने ब्रेड, पाव इत्यादींच्या ३८ नमुन्यांची तपासणी प्रसिद्ध केली, तीत ८४ टक्के नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट यांचा अंश आढळला, आणि त्या नमुन्यांत पिशवीबंद नामांकित मालही होता. पुढच्याच महिन्यात अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ब्रोमेटला अनुमत द्रव्यांच्या यादीतून वगळले. तात्पर्य, शुद्धता ही पिशवीत नसते, ती तपासणीत असते. शिवाय जो ब्रेड दूरवरून टेम्पोने यावयाचा आणि दुकानात दिवसचे दिवस राहावयाचा, त्यात बुरशी रोखण्यासाठी कॅल्शियम प्रोपिओनेटसारखे परिरक्षक द्रव्य घालावे लागते. कायद्याची त्यास मुभा आहे आणि ते विष आहे असे मी म्हणत नाही. परंतु जो पाव पहाटे भाजून संध्याकाळच्या आत संपतो त्यास त्याची गरज पडत नाही, एवढे तरी भट्टीच्या जमेस धरावे.

तिसरा आक्षेप धुराचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. मोडक्या फर्निचरचे, रंग आणि डिंक मुरलेले भंगार लाकूड जेथे जाळले जाते तेथे त्याचा धूर शेजाऱ्यांच्या आणि प्रथम त्या कारागिराच्याच छातीत जातो. मुंबई उच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०२५ रोजी मुंबईतील लाकूड व कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांच्या मुदतीत स्वच्छ इंधनाकडे वळावे असा हुकूम दिला. त्या हुकुमाच्या हेतूशी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यावरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाशी. इंधन बदलावे या वाक्याचा अर्थ भट्टी मोडावी असा होत नाही. रोगावर औषध सांगितले असता रोग्यास गावाबाहेर घालविण्याची मसलत कोणी देत नाही. आणि तारापुराविषयी बोलताना प्रमाणाचा विवेक ठेवणे अगत्याचे आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यमापनात तारापूर औद्योगिक क्षेत्राचा प्रदूषण निर्देशांक ९३.६९ इतका, देशात सर्वांत वरचा, निघाला. त्यामुळे भट्टीचा धूर क्षम्य ठरत नाही. परंतु मोठ्या धुराड्यांस सुधारणेसाठी वर्षानुवर्षे मुदती, तज्ज्ञ आणि सामाईक सांडपाणी प्रकल्प मिळावेत, आणि दोन माणसांच्या भट्टीस केवळ नोटीस मिळावी, ही न्यायाची तऱ्हा नव्हे.

राहिला बाजाराचा आक्षेप. बाजाराचा फैसला निसर्गनियमासारखा अटळ आहे, असे त्यात गृहीत धरले आहे. पावाच्या बाबतीत हे गृहीत खोटे आहे, कारण या धंद्याच्या प्रत्येक वळणावर सरकारचा हात दिसतो. १९६५ साली सरकारनेच मॉडर्न बेकरीज ही कंपनी काढून मोठ्या यंत्रांवर ब्रेड करण्यास आरंभ केला. २००० च्या जानेवारीत तिचा ७४ टक्के हिस्सा हिंदुस्थान लिव्हरला विकला. लघुउद्योगांसाठी राखून ठेवलेल्या वस्तूंच्या यादीत पाव होता. २०१५ च्या एप्रिलमध्ये शेवटच्या २० वस्तूंबरोबर तोही त्या यादीतून काढण्यात आला. हे निर्णय कोणास योग्य वाटोत वा अयोग्य; पण ते निर्णय होते, माणसांनी कागदावर सही करून घेतलेले. जे माणसाच्या सहीने घडले त्यास काळाचे नाव देणे म्हणजे जबाबदारी टाळणे होय. सरावलीसारख्या ठिकाणी तर जमिनीचा प्रश्नही आहे. भट्टी विटांची असते, ती जमिनीशी बांधलेली असते. शिलाईचे यंत्र उचलून दुसऱ्या गाळ्यात नेता येते, भट्टी नेता येत नाही. कारखान्यांमुळे जागेचे भाव चढले, मालकाने चाळीच्या जागी इमारत बांधण्याचे मनावर घेतले, की भाडेकरू बेकरीवाल्याची सारी पुंजी तेथेच विटांच्या ढिगात जाते. हा पराभव त्याच्या मालाचा म्हणता येत नाही.

येथवर खंडन झाले. परंतु विरोधकांचे म्हणणे चुकीचे आहे एवढ्याने आपले बरोबर ठरत नाही; म्हणून भट्टी का हवी, हे तिच्या कामाकडे पाहूनच सांगितले पाहिजे.

विटांच्या घुमटाची भट्टी एकदा तापविली की ती उष्णता साठवून ठेवते आणि तासातासाने सावकाश सोडते. जाणता कारागीर हा उतरता ताप वाया जाऊ देत नाही. रात्री मळून फुगविलेल्या कणकेच्या लाद्या कडक तापात पहाटे भाजल्या जातात. ताप जरा उतरला की खारी आणि बिस्किटे. आणखी उतरला की नानकटाई. आणि अगदी शेवटच्या कोमट भट्टीत आदल्या दिवशी न खपलेल्या पावाचे काप वाळून त्यांचे टोस्ट होतात. एका जळणात इतके पदार्थ, आणि शिळ्याचाही उपयोग. या अर्थशास्त्राची कोणत्याही पोथीत नोंद नाही. हात घालून ताप ओळखणाऱ्या माणसांच्या अंगी ते मुरलेले आहे. लांब दांड्याच्या लाकडी पाटीने एकही लादी न दुमडता घुमटाच्या तळाशी सरकविणे हे कसब वर्षांच्या उमेदवारीने येते, आणि भट्टी विझली की ते शिकण्याची शाळाही विझते.

याच उतरत्या तापात महाराष्ट्रातील असंख्य घरांचा एक शिरस्ता सामावला होता. दिवाळी जवळ आली, किंवा मुलांची शाळा सुटली, की आईबाया घरचा रवा, साखर आणि तूप घेऊन बेकरीत जात, तेथे नानकटाई आपल्या देखत वळून घेत, भाजणावळीचे थोडे पैसे देत आणि डबे भरून घरी आणीत. ज्या घरात भट्टी बांधणे शक्य नाही त्या घरास गावाची भट्टी आपलीच होती. कारखान्याच्या दाराशी आपला रवा घेऊन कोणत्याही गृहिणीला उभे राहता येणार नाही. गावचा पाणवठा, गावची पिठाची गिरणी, तशीच गावची भट्टी ही सार्वजनिक सोय आहे, जरी ती एका माणसाच्या नावावर असली तरी. आणि सार्वजनिक सोय केवळ नफातोट्याच्या वहीत मोजता येत नाही.

ताजेपणाची गोष्टही अशीच. टपरीवाल्याने पहाटे पाव घ्यावा आणि हिशेब संध्याकाळी करावा, असा व्यवहार बेकरी आणि टपरी यांच्यात चालतो, कारण दोघे एकमेकांस तोंडओळखीने जाणतात. बिनभांडवली माणसाला वडापावाची गाडी लावता येते ती या विश्वासावर. लांबच्या कंपनीच्या वितरकाशी असे नाते जुळणे कठीण. म्हणजे एका भट्टीवर केवळ तिचे कारागीर जगत नाहीत. सायकलवर पाव विकणारा, चहाची टपरी, भजी तळणारी बाई, अशी एक साखळी तिच्या आधारावर उभी असते.

मैदा प्रकृतीस बरा नव्हे, असे कोणी म्हणेल. खरे आहे, परंतु मैदा तर कारखान्याच्या ब्रेडमध्येही असतो, आणि बदल करणे सोपे कोणास आहे ते पाहावे. गोव्याच्या पोदेराने, म्हणजे तेथल्या पाववाल्याने, कोंड्याची पोळी (कोंड्याचा पाव) टिकवून ठेवली ती लहान भट्टीवर. पालघर जिल्ह्यातच जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात नाचणी पिकते. गावची बेकरी जिवंत राहिली, तर त्या नाचणीची बिस्किटे आश्रमशाळांतील मुलांच्या हाती देता येतील.

मग करावयाचे काय? प्रथम, इंधनबदलाचा खर्च एकट्या बेकरीवाल्याच्या माथी मारू नये. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० साली सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, अनुदानाची तरतूद करण्यात आली. परंतु ज्याच्या नावावर जागेचा कागद नाही त्यास बँक दारात उभे करीत नाही, म्हणून ग्रामपंचायतीने दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने भट्टीसाठी गाळे द्यावेत, आणि औद्योगिक वसाहतीत वायूची नळवाहिनी कारखान्याच्या दाराशी जाते ती या गाळ्यांपर्यंतही न्यावी. दुसरे, १९४८ च्या कारखाने कायद्याने अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यांवर उपाहारगृहाचे बंधन घातले. तारापूरच्या कारखानदारांनी आपल्या उपाहारगृहांतला पाव जवळच्या गावच्या भट्टीतून घेण्याचा निश्चय केला, तर पंचायतीच्या शंभर ठरावांहून तो अधिक कामास येईल. तिसरे, अन्न निरीक्षकाने दंडाची पावती घेऊन येण्यापूर्वी एकदा शिकविण्यासाठी यावे. आणि चौथे, जे बेकरीवाल्यांनी स्वतः करावयाचे: कारागिराला रात्रीच्या कामाचा रास्त मोबदला, आठवड्याची सुटी आणि निजण्यास भट्टीपासून दूर स्वच्छ जागा त्यांनी दिलीच पाहिजे. जो धंदा समाजाकडे न्याय मागतो त्याने तो आपल्या उंबरठ्याच्या आत प्रथम दिला पाहिजे. त्यावाचून आमचा कैवार लंगडा पडेल.

भट्टीस दया नको आहे आणि संग्रहालयात जागाही नको आहे. मोठ्या कारखान्यास जी मुदत, जे कर्ज, जी जागा आणि जी नळवाहिनी सहज मिळते, त्या साऱ्यातला आपल्या प्रमाणातला वाटा भट्टीला हवा आहे. तो वाटा मिळाल्यावरही ती हरली, तर बाजाराचा फैसला मी मुकाट्याने मान्य करीन. परंतु सरावलीच्या कामगाराचा पाव कोठे भाजला जावा, हे ठरविण्याचा अधिकार त्याच्या गावाला आहे, आणि तो अधिकार गावाने आजच, आपल्या ग्रामसभेत, ठराव करून बजावावा, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.