फाटकाच्या आतलं जग

पुण्याच्या वेशीवर, लवळ्याच्या टेकडीवर नि लोणी काळभोरच्या नदीकाठी खाजगी विद्यापीठं उभी राहिली. ग्रंथालयं प्रशस्त, प्रयोगशाळा सुसज्ज. पण शेवटची बस चुकली की शहर दूर जातं. या अंकात तिथले विद्यार्थी शैक्षणिक कर्जाच्या ओझ्याविषयी, मेसविषयी, फाटकाबाहेरच्या टपरीवर जुळलेल्या मैत्रीविषयी मोकळेपणानं लिहीत आहेत. २०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यातली विद्यार्थी परिषदेची तरतूद त्यांच्या विद्यापीठांना लागू नाही. व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या पात्र मुलींसाठी २०२४ साली राज्यानं दिलेली शुल्कमाफीही खाजगी विद्यापीठांना नाही. म्हणूनच शुल्क, वसतिगृह आणि बससेवेचे निर्णय घेताना विद्यार्थ्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी सोबत असावेत, असा आमचा आग्रह आहे.

– संपादक